मागचं सांभाळ

उसुकी, ८ सप्टेंबर १९९३

श्री. शुतो यांस,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात. या वर्षी उन्हाळा आलाच नाही, भात शेतात हिरवाच उभा आहे आणि गेल्या आठवड्यातल्या वादळाने तालमीच्या छपराची कौलं उडवली. ऋतूबद्दल एवढं पुरे. तुमच्याकडे बेप्पूला फारसं नुकसान झालं नसावं.

चार वर्षांनी पत्र लिहितोय त्याअर्थी माझं काहीतरी अडलंय हे तुम्ही ओळखलं असेल. अडलंय. नोव्हेंबरात, चौदा तारखेच्या रविवारी, तादाओकी हाचिमानच्या देवळात तलवारीचे शेवटचे पाच डाव करून दाखवणार आहे. गादीवर आलेल्याने ते देवापुढे एकदा करायचे असतात, त्याशिवाय घराणं त्याचं होत नाही. गुरुजी गेल्यापासून तो हे टाळत आला होता. आता बाकीच्या शाखांचे म्हातारे कुजबुजायला लागले, की वडील गेल्यावर बँकेतून उठून आलेला मुलगा गादीवर नुसताच बसलाय. म्हणून त्याने तारीख जाहीर करून टाकली. जाहीर केल्यावर मला विचारलं. आपल्या घराण्यात गोष्टी याच क्रमाने होतात.

घोडं कुठे अडलंय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मलाच नीट दिसत नाही. डाव दोघांचा, लाकडी तलवारींचा. एक आधी वार करतो आणि शेवटी मरतो. दुसरा तो वार चुकवतो आणि जिंकतो. मरण्याचं काम नेहमी ज्येष्ठाचं. तुम्ही तालमीत मे महिन्यात आलात, मी जूनमध्ये. वयाने मी मोठा, पण तालमीत तुम्ही थोरले ते कायमचे थोरले. म्हणून तीस वर्षं मी तुम्हाला मारत आलो आणि तुम्ही मरत आलात. शेवटचे पाच डावही गुरुजींनी आपल्याला तसेच दिले. तुम्हाला मरणाऱ्याचा अर्धा भाग, मला जिंकणाऱ्याचा. अदलाबदल पुढे करू म्हणाले आणि ती करायच्या आत गेले. लिहून ठेवायचं नाही, तालमीत कॅमेरा आणायचा नाही, ही त्यांचीच शिस्त. घराण्याच्या गुंडाळीत पाच डावांची नुसती नावं आहेत. नावावरून कुणी तलवार चालवू शकत नाही.

आता गादीवर तादाओकी, म्हणजे ज्येष्ठ तो. मरायचं त्याने. आणि कसं मरायचं हे जगात फक्त तुला येतं.

बघ, 'तू' लिहून गेलो. खोडत बसत नाही.

एक रविवार ये. तू वेगळी तालीम काढलीस आणि तुला घराण्यातून काढून टाकलं; काढून टाकलेल्या माणसाशी जो तलवार भिडवेल तोही बाहेर, हा नियम मला माहीत आहे, म्हणून तालमीत नको. माझ्या दवाखान्यामागे मोकळी जागा आहे, रविवारी तिथे कुणी नसतं. तू मला दाखव, मी तादाओकीला शिकवीन. तुझं नाव कुठेही येणार नाही याची हमी देतो.

जागा सांगितली, वेळ तू सांग.

अनाई


उसुकी, ३० सप्टेंबर

शुतो,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं.

मागच्या पत्राची कच्ची प्रत घरी बायकोच्या, तोशिएच्या, हाती लागली. तिने ती वाचली आणि मला विचारलं, "'तुझं नाव कुठेही येणार नाही' असं लिहिलंत? त्याच्या घरात जाऊन त्याचीच वस्तू मागायची आणि वर सांगायचं की कुणाची ते सांगणार नाही? तुम्हाला दात सोडून माणसाचं दुसरं काही कळत नाही." मी तुझी सोय बघत होतो. तुला ते तोंडात मारल्यासारखं लागलं असेल, तर तसं धर आणि विसरून जा.

तादाओकीबरोबर सराव सुरू आहे. तो वाईट माणूस नाही. तुला हे वाचून राग येईल, पण रोज पहाटे येतो, हाताला फोड आलेत, बोलत नाही. अडचण वेगळीच आहे. तो विचारतो, "अनाई-सान, पहिल्या डावात माझी तलवार कुठून येते?"

"वरून."

"वरून म्हणजे उजवीकडून की डावीकडून?"

"ते मी नाही सांगू शकत. ती येते तेव्हा मी तिथे नसतो."

तो हसला. मग मीही हसलो, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दात काढल्यावर पेशंटला विचारावं, डॉक्टरने चिमटा कसा धरला होता, तसं आहे हे. त्याला फक्त दुखलेलं आठवतं. मला तुझा वार फक्त येताना माहीत आहे. तुझे पाय कुठे असायचे, मरताना गुडघा कधी टेकायचास, हे मी तीस वर्षांत एकदाही बघितलं नाही, कारण बघायला गेलो असतो तर डोकं फुटलं असतं.

म्हणून, खरं सांगतो, मी जुळवायला लागलोय. पहिल्या दोन डावांत अंदाजाने काम भागतं. तिसऱ्यात भागत नाही. तिथे मी सांगितलं, तू डावीकडे झुक, मी क्षणभर थांबतो, मग वार करतो. बरं दिसतं. तेच वाईट आहे, बरं दिसतं.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेलो. गुरुजींच्या पश्चात त्या त्या घरात एकट्याच असतात, तादाओकी जेवायला येतो तेवढाच. मी म्हटलं, "शुतोला तुम्ही एक शब्द टाका. तुमचं तो ऐकेल."

"मी तादाओकीची आई आहे," काकू म्हणाल्या. "मी काहीही बोलले तरी मुलासाठी बोलले असंच होणार. नकोच ते."

मग बोलता बोलता हॉस्पिटलचा विषय निघाला. तुला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू पायाशी उभा, तादाओकी उशाशी नाशपाती सोलत, मी खिडकीपाशी, काकू बाजूला टॉवेल पिळत. गुरुजींचे डोळे मिटलेले. म्हणाले, "मागचं सांभाळ." कुणाचं नाव नाही, कुणाकडे मान वळवली नाही. तू वाकून "हो" म्हणालास आणि त्याच वेळी तादाओकीही, हातात सुरी तशीच, "हो" म्हणाला. गुरुजींनी पुन्हा तोंड उघडलं नाही. तुम्ही दोघांनीही मला साक्षीला धरलं, सांग म्हणालात, कुणाला म्हणाले. मला कळलं नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही. कळलं असतं तर मी सांगितलं असतं, मग तुमच्यापैकी कुणीही मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

काकू म्हणाल्या, "मला वाटलं, मागच्या अंगणातल्या काबोसू-लिंबाचं म्हणतायत. त्या उन्हाळ्यात झाड सुकत चाललं होतं, सारखा त्याचाच घोर होता त्यांना. मी तर घरी जाऊन लगेच पाणी घातलं."

"काकू, मग हे तेव्हाच का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं?"

घरी येऊन तोशिएला सांगितलं, तर ती म्हणाली, तिला पहिल्यापासून वाटतंय की ते नर्सला म्हणाले असतील, भांडं द्यायला. बायका अशा आहेत. 

ये ना रे. एकदाच.

अनाई


उसुकी, २१ ऑक्टोबर

शुतो,

तुझा माणूस येऊन गेला. तो नोगामी, विमा एजंट. बेप्पूत काय दातांचे डॉक्टर मिळत नाहीत?

खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सेन्सेई, दात दुखतोय."

"कुठला?"

"कुठलाही बघा."

मी बघितला. खालच्या दाढेला चांगली मोठी कीड निघाली, त्याला पत्ताच नव्हता. तोंड उघडं होतं तेवढ्यात मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. तुला किती पोचवलं कोण जाणे, म्हणून इथे परत लिहितो. मी म्हटलं, देवळात जे होणार आहे ते खोटं होणार आहे, आणि एकदा देवापुढे झालं की तेच खरं म्हणून चालू पडेल. दहा वर्षांनी कुणाला माहीतही नसेल. तादाओकीची फजिती होईल याचं मला काही नाही. डाव जातोय याचं आहे.

चूळ भरून झाल्यावर तो बोलला. घोकून आला होता. "शुतो सेन्सेई म्हणतात, आमच्या तालमीत या. सगळ्यांसमोर येऊन बसा. भिंतीवर तुमच्या नावाची पाटी लावायला जागा ठेवलीय. मग पाचही डाव होतील."

"आणि नाही आलो तर?"

त्याने जरा आजूबाजूला बघितलं. "तर मरायचं कसं ते बँकवाल्याने स्वतःच शिकावं, असं म्हणाले."

हे बोलताना तू हसला असशील. मला तुझं हसणं ऐकू आलं.

शुतो, मी येऊ शकत नाही. कारण मोठं नाही, त्यामुळे तुला पटणारही नाही. मी गेलो तर चौदा तारखेला तादाओकी देवापुढे एकटा उभा राहील. त्याच्याबरोबर उभं राहायला दुसरं कुणीच नाही. आणि काकूंच्या घरावरून मी रोज दवाखान्यात जातो. त्या सकाळी दाराशी झाडत असतात, मला म्हणतात, आज थंडी आहे, किंवा आज थंडी नाही. तेवढंच. तेवढं मला सोडवत नाही. तुझ्याकडे तीस-चाळीस माणसं आहेत, वर्तमानपत्रात फोटो येतो, खरं घराणं कुठलं तर बेप्पूचं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझं त्याला काही म्हणणं नाही. तू निघून गेलास तेव्हा मी तुला अडवलं नाही आणि तुझ्यामागे आलोही नाही. मी जागेवर बसणारा माणूस आहे. एवढाच माझा निष्ठावंतपणा.

पण असं असूनही तू ये. तुझी अट मागे घे. मी अट घालायच्या स्थितीत नाही, म्हणून नुसतं मागतोय.

नोगामीला पुढच्या गुरुवारी पाठव, दाढेचं काम अर्धंच झालंय.

अनाई


उसुकी, १९ नोव्हेंबर

शुतो,

तू आला होतास.

तोंडाला मास्क लावला, टोपी कानापर्यंत ओढली, झाडाआड उभा राहिलास, आणि तुला वाटलं मी ओळखणार नाही. पाय तसे ठेवून उसुकीत दुसरं कुणी उभं राहत नाही. मी तुला दुसऱ्या डावाच्या शेवटी बघितलं. बघायला नको होतं.

तिसऱ्यात तादाओकी ठरल्याप्रमाणे डावीकडे झुकला. मी क्षणभर थांबायचं होतं. थांबलो नाही. समोर तो होता, पण माझे हात तुझ्याशी खेळले. वार जिथे जायचा तिथे गेला, आणि तिथे त्याचं मनगट होतं. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज मला आला, त्याला आला, आणि मला वाटतं तुलाही आला असेल. लोकांना आला नाही. त्यांना वाटलं डाव असाच आहे. समोरच्या ओळीतला एक म्हातारा मान डोलावून "वा" म्हणाला.

तादाओकीच्या तोंडातून हूं की चूं नाही. तलवार डाव्या हातात घेतली, जागेवर आला, मला मानेने खुणावलं, आणि उरलेले दोन डाव एका हाताने पुरे केले. देवाला नमस्कार करताना उजवा हात नुसता लोंबत होता. मी त्याला कधी गादीचा माणूस मानला नव्हता. तोंडाने 'सोके' म्हणायचो, गादीच्या धन्याला म्हणतात तसं, मनात 'बँकेतला मुलगा'. त्या दिवशी माझी मान खाली गेली.

मी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून होतो. तो म्हणाला, "अनाई-सान, खरा वार तिथेच जातो ना?"

"हो."

"म्हणजे मी तिथे असायला नको होतं."

"नको होतं."

"मग कुठे?"

"ते मला माहीत नाही."

त्याने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "चला, तुमची बाजू तरी खरी बघायला मिळाली. वडिलांनी मला कधी दाखवली नव्हती." हे तो चिडून बोलला नाही रे. चिडला असता तर बरं झालं असतं.

डाव संपल्यावर मी तुला शोधलं. तू गेला होतास. मला तुझा फार राग आला. एवढ्या लांब आलास, सगळं बघितलंस, मग चार पावलं पुढे यायला काय होतं? सगळ्यांसमोर नको, देवळामागे आला असतास तरी चाललं असतं. तू कशासाठी आला होतास? माझी फजिती बघायला? तसं असेल तर बघितलीस, आता मिटलं का?

अनाई


उसुकी, १० डिसेंबर

शुतो,

तालमीच्या भिंतीवरून माझी पाटी निघाली.

तुझा नोगामी दवाखान्यात आला होता हे बाकीच्या शाखांना कळलं. कुणी सांगितलं ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. बेप्पूच्या माणसाशी संधान बांधून सोकेचा हात मोडला, असं त्याचं झालं. मी काय सांगणार? संधान बांधलं होतं. हातही मोडला होता. मधलं 'बांधून' तेवढं खोटं, पण मध्यातलं कोण ऐकतं.

तादाओकी स्वतः घरी आला. त्याने वाकून माफी मागितली, मी वाकून माफी मागितली, तोशिए चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, तिला ट्रे ठेवायला जागाच मिळेना. तो म्हणाला, "मला हे करायचं नाही. पण आता नाही केलं तर सगळे म्हणतील, नियम फक्त शुतो-सान यांच्यासाठी होता." बरोबरच आहे. तुझ्यासाठी लावला तो माझ्यासाठीही लावला पाहिजे. मला काढल्याच्या कागदावरचा शिक्का वाकडा होता. डाव्या हाताने मारला होता.

काकू सकाळी दाराशी दिसतात. परवा म्हणाल्या, "आज थंडी आहे." म्हणजे तेवढं तरी राहिलं.

तर आता ऐक. तू बाहेरचा, मी बाहेरचा. दोन बाहेरच्यांनी एकमेकांशी तलवार भिडवली तर कुठलाच नियम मोडत नाही. मी कुणाचाच राहिलो नाही, त्यामुळे तुझ्या पाटीचंही कुणाला वाईट वाटायचं कारण उरलं नाही. तुझ्या माणसांसमोर बसायचं तर बसतो. मला आता काही राखून ठेवायचं नाही. फक्त ते पाच डाव एकदा पुरे कर माझ्याबरोबर. मी साठी उलटलेला माणूस आहे, तूही त्याच वाटेवर आहेस. दोघांपैकी कुणाचा खांदा आधी जाईल सांगता येत नाही.

यावेळी उत्तर दे. एक ओळ चालेल.

अनाई


उसुकी, २० फेब्रुवारी १९९४

शुतो,

दोन आठवडे हे पत्र लिहायचं टाळलं. तुला भेटून आल्यावर पत्राची गरज काय, असं तोशिए म्हणते. पण किनाऱ्यावर आपण दोघं जे बोललो नाही ते बोलायला हवं, आणि काल आणखी एक गोष्ट झालीय.

तुझ्या एका ओळीवर मी बेप्पूला आलो त्या रविवारी तू स्टेशनवर एकटाच आला होतास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलेलं, तू मला तुझ्या तालमीत नेशील, माणसं रांगेत बसवशील, पाटी दाखवशील. तू म्हणालास, "समुद्रावर जाऊ. तिथे कुणी नसतं." मला बरं वाटलं. म्हटलं, शुतोने माझी लाज राखली. लाज तू तुझी राखत होतास.

पहिले दोन डाव कसे सरळ गेले. चार वर्षं मधे गेलीच नव्हती असे. दुसऱ्यात तू पडलास तेव्हा वाळू माझ्या पायावर उडाली आणि मला रडू आलं, ते तू बघितलंस आणि बघितलं नाही असं केलंस. मग तिसरा. तुझी तलवार अशा ठिकाणाहून आली की तिथून येताना मी ती कधी पाहिलीच नव्हती. मी मागे सरकलो. तू थांबलास.

"असं नव्हतं," तू म्हणालास.

"नव्हतं."

"परत."

परत केलं. परत तिथूनच आली. मग तू जिथून घेतलीस ते मला ओळखीचं वाटलं, पण तुला वाटलं नाही. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी तू वाळूत बसलास आणि म्हणालास, "पोरं तिथे अडखळायची. एकाचा गुडघा गेला. म्हणून शिकवताना मी जरा वळवून घेतलं."

"किती वळवलं?"

"तेच आठवत नाही."

तू हे इतकं साधेपणाने म्हणालास, की मला वाटलं चेष्टा करतोयस. मग तू म्हणालास की देवळात तू माझी फजिती बघायला आला नव्हतास. माझा वार कुठे जातो ते दिसलं, की तुझी जागा कुठली होती ते तुला आठवेल, असं तुला वाटलं होतं. "पण मध्ये त्याचं मनगट आलं," तू म्हणालास. "वार संपतो कुठे तेच दिसलं नाही." तुझी ती अट, पाटीसाठी राखलेली जागा, सगळं त्याचसाठी होतं. मी तुझ्याकडे मागत होतो आणि तू माझ्याकडे. आणि मला वाटत होतं तू माजलायस.

तू मला विचारलंस, "तुझं तरी पक्कं आहे ना?" मी "हो" म्हणालो. ते खरं नाही शुतो. तिसऱ्या डावात माझा हात आता क्षणभर थांबतो. ते थांबणं मी तादाओकीसाठी घातलं होतं. देवळात तुला बघून ते एकदा सुटलं, पण रोज सराव केलेलं हाडात बसतं. तुझ्यासमोर वाळूवर मी थांबत होतो. तुला ते कळलं नाही, कारण माझी बाजू तूही कधी बघितलेली नाहीस. चौथा आणि पाचवा आपण केलाच नाही. तू म्हणालास, ऊन उतरलंय, पुढच्या वेळी. मी लगेच मान हलवली. दोघांनाही माहीत होतं, करून बघायची हिंमत नाही म्हणून. मग आपण डबे उघडले, आपलं पीक बुडालं म्हणून आलेल्या थाई तांदळाच्या नावाने तू बोटं मोडलीस, आणि गाडीची वेळ होईपर्यंत आपण भाताबद्दल बोललो.

आता कालचं.

दुपारी दवाखाना बंद असताना तादाओकी आला. प्लास्टर निघालंय, मनगट अजून पुरतं वळत नाही. खुर्ची दिली तर बसला नाही, जमिनीवर बसला. म्हणाला, "तुम्ही बेप्पूला गेला होतात असं कळलं. मी जाब विचारायला आलो नाही. तुम्हाला विचारायचा मला हक्कही उरला नाही."

मी दार ओढून घेतलं.

"शुतो-सान यांना माझा निरोप द्याल का?" तो म्हणाला. "गादी त्यांनी घ्यावी. त्यांच्यावरचा आणि तुमच्यावरचा शिक्का मी सगळ्या शाखांसमोर परत घेतो. त्यांच्यासमोर वाकतो. मी खालच्या टोकाला बसेन, पहिल्या दिवसाच्या पोरासारखा. वडील ते 'मागचं सांभाळ' बहुतेक त्यांनाच म्हणाले असतील. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं, पण हो म्हणून गेलो आणि मग मागे फिरता येईना."

"आणि तुला काय हवं?"

"काही नाही. पाच डाव राहिले म्हणजे झालं. तुम्ही दोघं आहात तोवर मला शिकवा. मी कुठे उभं राहायचं ते मला अजून कळलेलं नाही. रात्री झोप लागत नाही त्याने."

शुतो, मी दातांचा डॉक्टर आहे, माणसाला तोंडावर वाईट बातमी सांगायची मला सवय आहे. दाढ काढावी लागेल, मी सांगतो. पण तिसरा डाव आता आपल्या दोघांकडेही नाही, हे काल मला सांगता आलं नाही. तो वर बघत होता. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की वाटलं, या माणसाने चार वर्षं वाहिलेलं ओझं आत्ता, इथे, माझ्या दवाखान्यात खाली ठेवलंय. मी म्हणालो, "शुतोला विचारून सांगतो."

काकूंनाही त्याने सांगितलंय. आज सकाळी त्या दाराशी थंडीबद्दल काही बोलल्या नाहीत. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "संपलं एकदाचं. आता ते समाधानाने झोपतील."

गादी तुझी झाली. भांडण मिटलं. सगळे तुला घ्यायला स्टेशनवर येतील, मीही येईन. तादाओकी पुढच्या रविवारी उत्तर घ्यायला येणार आहे. तो लाकडी तलवार घेऊन येईल, मी त्याला ओळखतो.

मी त्याला काय सांगू, ते त्याच्या आत कळव.

अनाई